घरी नर्स बोलावताना : मुंबईतल्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन बहुतेक वेळा सारखाच असतो. "सिस्टर, उद्या बाबांना डिस्चार्ज देतायत. नाकात नळी आहे. घरी आम्ही दोघंही नोकरीला. काय करू?" मी जीएनएम झालेली नर्स. आठ वर्षं वॉर्डात काढली आणि त्यानंतर चौदा वर्षं घरोघरी जाते आहे. लालबागच्या चाळी, वडाळ्याच्या वसाहती, चेंबूरचे टॉवर, गोवंडीच्या गल्ल्या, सगळीकडे. मधली काही वर्षं वस्तीत चालणाऱ्या एका आरोग्य संशोधनाच्या पथकात घरभेटी केल्या, म्हणून शेवटचे काही प्रश्न त्याबद्दलचे आहेत. फोनवर घाईत सांगायचं राहून जातं, ते इथे सावकाश लिहिते.

नर्स, आया, ब्युरोची (नर्स-मावशी पुरवणाऱ्या संस्थेची) मावशी, केअरटेकर... यांत फरक काय?

फरक शिक्षणाचा आहे आणि जबाबदारीचाही. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. हे शिक्षण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, तिचा क्रमांक मिळतो आणि तिचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. घरी येणाऱ्या नर्सकडे ते कार्ड मागायला संकोचू नका. खऱ्या नर्सला त्याचा राग येत नाही. पांढरा कोट घातला, बीपी बघता आलं, म्हणजे नर्स झाली असं नाही.

आया किंवा केअरटेकर मावशी अंग पुसते, भरवते, कूस बदलते, डायपर बदलते, हात धरून चालवते. या कामाला कमी लेखू नका. कितीतरी पेशंट मावशीच्या हातामुळे उभे राहिलेले मी बघितले आहेत. पण शिरेतून इंजेक्शन देणं, नाकातली नळी घालणं, लघवीची पिशवी लावण्यासाठी कॅथेटर टाकणं, घशातल्या नळीचं सक्शन करणं ही तिची कामं नव्हेत. ती तिच्याकडून करून घेतली आणि काही बिघडलं तर पेशंटही जातो आणि ती बिचारीही अडकते.

मग आम्हाला नेमकं कोण हवं?

बऱ्याच घरांना चोवीस तास नर्सची गरज नसते. स्ट्रोकनंतर अंथरुणाला खिळलेले, पण तब्येत स्थिर असलेले आजोबा असतील तर बारा तासांची चांगली मावशी आणि दिवसातून एकदा किंवा आठवड्यातून दोनदा नर्सची भेट, एवढ्यावर भागतं. खर्चही बराच वाचतो. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी घशाला छिद्र पाडून बसवलेली नळी) असेल, घरी व्हेंटिलेटर किंवा बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) असेल, शिरेतून औषधं चालू असतील, ऑपरेशनची मोठी जखम उघडी असेल, तर मात्र पाळीला नोंदणीकृत नर्सच हवी. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "यातलं कोणतं काम नर्सनेच करायचं?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

ब्युरोला फोन करताना काय विचारायचं?

पैसे किती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी शेवटी विचारायला सांगेन. आधी हे विचारा. येणाऱ्या बाईचं शिक्षण काय, प्रमाणपत्राची प्रत मिळेल का? पोलीस पडताळणी झाली आहे का? ती सुटीवर गेली तर रिलीव्हर, म्हणजे बदली बाई, कोण आणि किती वेळात? ब्युरोत वरिष्ठ नर्स आहे का, ती घरी येऊन काम बघते का? आणि एक प्रश्न जो कोणीच विचारत नाही: तुम्ही देता त्यातले किती पैसे त्या बाईच्या हातात पडतात? जिच्या हातात फार थोडं पडतं ती महिन्याभरात दुसरीकडे जाते, आणि तुमच्या आईला पुन्हा नव्या माणसाची सवय करावी लागते.

डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलमधून काय घेऊन निघायचं?

गिरगावातलं एक घर आठवतं. शनिवारी संध्याकाळी डिस्चार्ज. आजोबांना नाकात नळी, लघवीला कॅथेटर. हॉस्पिटलच्या कागदावर आहाराबद्दल एकच ओळ होती, "फीड्स चालू ठेवा". घरच्यांना कोणीही काही दाखवलं नव्हतं. रविवारी दुपारी मी पोहोचले तेव्हा सून त्यांना सपाट झोपवून नळीतून पेज देत होती आणि आजोबांच्या छातीत घरघर सुरू झाली होती. त्या मुलीची काय चूक? तिला सांगायला हवं होतं ते कोणी सांगितलंच नाही.

म्हणून निघण्याआधी एवढं हातात हवं. कॅथेटर आणि नळी घातल्याची तारीख आणि त्यांचा नंबर, म्हणजे जाडीचं माप. नाकपुडीशी नळीवर किती सेंटिमीटरची खूण आहे तो आकडा. औषधांची वेळ घालून केलेली यादी, आणि हॉस्पिटलात जाण्यापूर्वी चालू असलेल्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद केल्या तेही. हे दुसरं हमखास राहतं, आणि मग घरी जुनी बीपीची गोळी आणि नवी बीपीची गोळी दोन्ही चालू राहतात. रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, तो नंबर. आणि वॉर्डातल्या सिस्टरसमोर एक फीड, एक ड्रेसिंग तुमच्या स्वतःच्या हातांनी करून बघा. बिल भरायच्या गडबडीत हे टाळू नका.

आमची खोली दहा बाय बाराची, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. इथे जमेल का?

जमतं. माझ्या हाताखालून बरे झालेले कितीतरी पेशंट अशाच खोल्यांतले. उलट तिथे पेशंट एकटा पडत नाही, दारावरून जाणारा प्रत्येक जण "काय काका, आज कसं वाटतंय?" विचारून जातो.

खाट अशी लावा की निदान दोन बाजूंनी हात पोहोचेल. एक बाजू भिंतीला असली तर चालेल. डोक्याकडची बाजू वर करणारा हॉस्पिटलचा बेड मावत नसेल तर खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा देता येतात, पण त्या हलत नाहीत ना हे रोज बघा. गादी खोलगट झाली असेल तर खाली प्लायवूड टाका. सलाईनचा स्टँड नसेल तर खिडकीच्या गजाला किंवा पडद्याच्या दांडीला बाटली अडकवतो, त्यात काही कमीपणा नाही. फक्त दांडी पक्की हवी.

सार्वजनिक संडास असेल तर कमोडची खुर्ची घ्या, भाड्यानेही मिळते. पाणी पहाटे तासभरच येत असेल तर पेशंटसाठी एक झाकणाचा पिंप वेगळा ठेवा आणि अंग पुसण्याची वेळ त्यानुसार बांधा. पहाटे पाणी भरायच्या धांदलीत मोरीपाशी ओल होते आणि नेमके तेव्हाच म्हातारे लघवीला उठतात. एकदा माझ्या जुन्या वह्या चाळताना लक्षात आलं की घरात पडल्याच्या बऱ्याच नोंदी या पहाटेच्याच होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक घरी सांगते: मोरीच्या तोंडाशी कोरडं पोतं टाका, आणि रात्री खाटेपाशी युरिन पॉट ठेवा.

ऑक्सिजनचं मशीन असेल तर ते थेट भिंतीतल्या प्लगला लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. लाईट जाते, म्हणून भरलेला छोटा सिलिंडर शेजारी हवाच. आणि देवघर त्याच खोलीत असेल तर समई, उदबत्ती, धूप दुसरीकडे हलवा. हे सांगताना घरातल्या आजी नाराज होतात, मला कळतं. पण ऑक्सिजनपाशी ज्योत म्हणजे आगीशी खेळ. देवापुढे विजेची पणती ठेवा. स्वयंपाकाचा ओटाही त्याच खोलीत असेल तर मशीन आणि पेशंट ओट्यापासून जितके लांब नेता येतील तितके न्या, आणि कुठे बसवायचं हे मशीन देणाऱ्या माणसाकडून जागेवरच ठरवून घ्या.

पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत. दमट चादर घातली की मांडीच्या सांध्यात, काखेत, स्तनांखाली बुरशीचं चट्टं उठतं. चादर इस्त्री करून घाला. अंग पुसल्यावर या जागा कोरड्या फडक्याने टिपून घ्या, पावडरचे थर देऊ नका.

बेडसोर (एकाच जागी पडून दाबाने होणारी जखम) होऊ नये म्हणून काय करायचं?

माझ्या मते घरच्या नर्सिंगची खरी परीक्षा इथेच होते. केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, जवळपास बेचाळीस वर्षं, केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचं कौतुक केलं, आणि इतकी वर्षं अंथरुणाला असूनही त्यांना बेडसोर झाले नाहीत ही गोष्ट त्यात आवर्जून आली. या मागे भारी यंत्रं नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलेल्या नर्सेसचे हात होते.

घरी करायचं ते असं. दर दोन तासांनी कूस बदला: डावी, पाठ, उजवी. भिंतीवर कागद चिकटवा आणि प्रत्येक वेळी वेळ लिहा. कुशीवर असताना दोन गुडघ्यांमध्ये उशी द्या. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा, कारण टाचांकडे कोणाचंच लक्ष जात नाही. चादरीची सुरकुती आणि बिस्किटाचा चुरासुद्धा कातडीला पुरतो. वर सरकवताना पेशंटला ओढू नका, ड्रॉशीट (कमरेखाली आडवी घातलेली चादर) धरून दोघांनी उचला.

रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, खांदे, डोक्याची मागची बाजू नीट बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर वेळ आहे. लाल तसंच राहिलं तर बेडसोर सुरू झाला. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा काळसर लागते. अशी जागा चोळू नका. आपल्याकडे स्पिरिट लावून मालिश करण्याची जुनी पद्धत आहे, ती सोडा. मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो. एअर मॅट्रेस जरूर घ्या, पण ती आणली म्हणून कूस बदलणं थांबवू नका. आणि जेवणात अंडं, डाळ, दही, मासे, जे चालतं ते द्या. नुसत्या पेजेवर जखम भरत नाही.

नाकातली नळी आणि लघवीची पिशवी सांभाळताना काय लक्षात ठेवायचं?

फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि दिल्यावर निदान अर्धा ते एक तास तसंच. आधी नाकपुडीशी खूण बघा. नळी बाहेर सरकलेली वाटली तर फीड देऊ नका, नर्सला बोलवा. गोळ्या अगदी बारीक कुटून, प्रत्येक औषधानंतर थोडं पाणी सोडून नळी धुवा. जोर लावून पिस्टन ढकलू नका, फीड आपल्या वजनाने खाली उतरू द्या. फीड देताना खोकला आला, ओठ निळसर झाले, की तिथेच थांबा.

युरोबॅग (लघवीची पिशवी) कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. चार-पाच तास पिशवीत थेंब नाही आणि पोट फुगलंय, तर सकाळची वाट बघू नका.

साखर एकदम कमी झाली तर?

घाम, थरथर, बडबड, विचित्र वागणं. यंत्रावर ७० च्या खाली आकडा दिसला आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

सुया, ड्रेसिंग, डायपर कुठे टाकायचे?

सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकलीत की सकाळी ती सफाई कामगाराच्या हातात घुसते. मी हे बघितलं आहे, म्हणून कळकळीने सांगते. जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा घ्या, त्यात सुया साठवा, टोपण परत लावायला जाऊ नका. डबा भरत आला की तुमच्या नर्सकडून किंवा दवाखान्यातून त्याची सोय करा. ड्रेसिंग आणि डायपर कागदात गुंडाळून, वेगळे. महापालिकेने २०२५ मध्ये सोसायट्यांमधून असा घरगुती सॅनिटरी आणि विशेष कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली आहे. आपल्या वॉर्ड ऑफिसात चौकशी करा.

रात्रीची सिस्टर झोपते. आम्ही पैसे कशाचे द्यायचे?

तक्रार रास्त आहे, पण आधी हे सांगा: ती दिवसा कुठे असते? एकाच बाईला चोवीस तास ठेवलं असेल तर ती झोपणारच, झोपायलाच हवी. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतील आणि तरी रात्रपाळीची झोपत असेल तर ब्युरोला सांगून बदला.

आता दुसरी बाजूही लिहिते, कारण ती फारशी कुठे लिहिली जात नाही. रात्री आठची पाळी गाठायला ती बाई बदलापूर किंवा विरारहून संध्याकाळी साडेपाचलाच निघालेली असते, गर्दीच्या उलट्या दिशेच्या लोकलने का होईना. तिला कपडे बदलायला आडोसा द्या. गरम जेवण द्या, उरलंसुरलं नको. घरातला संडास वापरू द्या. ती जिथे डोकं टेकेल तिथे दाराला कडी असावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरातल्या कामालाही लागू आहे, हे घरातल्या सगळ्या पुरुषांना माहीत असलेलं बरं. ज्या घरात माणूस म्हणून वागवतात त्या घरचा पेशंट नर्स जिवापाड जपते. वॉर्डातल्या शिस्तीपेक्षा घरी हेच जास्त चालतं.

आई म्हणते, परक्या बाईकडून आंघोळ नको.

पहिल्या दिवशी आंघोळ नकोच. दोन दिवस सिस्टरला फक्त बसून गप्पा मारू द्या, वेणी घालू द्या, चहा एकत्र पिऊ द्या. पुसायच्या वेळी अंगावर चादर ठेवून एकेक अवयवच उघडा करायचा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आई स्वतः जेवढं करू शकते तेवढं तिला करू द्या, चेहरा आणि हात पुसणं का होईना.

मुसळधार पावसात सिस्टर पोहोचली नाही तर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईत कोणी विसरलेलं नाही. तसा दिवस पुन्हा आला तर तुमची नर्स दादरला अडकलेली असेल. जून लागला की घरातल्या निदान दोघांनी फीड देणं, कूस बदलणं, पिशवी रिकामी करणं शिकून घ्या. आठवड्याची औषधं, फीडची पावडर, एक जास्तीची युरोबॅग घरात ठेवा.

सासूबाईंचं करता करता माझीच कंबर गेली. मी काय करू?

हा प्रश्न बहुतेक सुनाच विचारतात, तोही दाराबाहेर, चपला घालताना, हळू आवाजात. आठवड्यातून एक पूर्ण दिवस तुमचा ठेवा. त्या दिवशी मुलगा, जाऊ, नणंद, कोणीतरी बसेल. सगळ्यांना बोलावून वेळापत्रक कागदावर मांडा, नुसतं "कोणी असेल ना" म्हणून होत नाही. उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवा, पेशंटला अंगाजवळ घ्या. रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर आमच्याशी त्याबद्दलही बोला. आम्ही त्या घरात पेशंट एक असं मोजत नाही.

विम्यातून पैसे मिळतात का?

पॉलिसीत "डोमिसिलिअरी", म्हणजे घरी घेतलेले, उपचार आहेत का बघा. साधारणपणे आजार हॉस्पिटलात दाखल करण्याजोगा असून पेशंटला हलवता येत नाही किंवा खाट मिळत नाही, आणि उपचार किमान तीन दिवस चालले, तरच ते लागू होतात. डॉक्टरांचा लेखी सल्ला आणि नोंदणी क्रमांक घातलेलं नर्सचं बिल जपून ठेवा. मावशीचा पगार बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

एवढा खर्च झेपत नाही. कुठे जायचं?

कॅन्सरचा पेशंट टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेत असेल तर तिथल्या पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) विभागाकडे घरभेटींबद्दल विचारा. वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे १९८६ पासून चालणारं देशातलं पहिलं हॉस्पिस, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना तिथे ठेवून घेतात. तुमच्या वस्तीत महापालिकेचं आरोग्य केंद्र आहे, तिथल्या एएनएम आणि आरोग्य सेविका यांची ओळख करून घ्या. कोणता दवाखाना, कोणती योजना, कोणाला भेटायचं, ही माहिती त्यांच्याइतकी कोणाकडे नसते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभरचा मदत क्रमांक आहे.

डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. शेवटचे दिवस घरी निभावतील का?

निभावतात, तयारी असेल तर. दुखणं आटोक्यात ठेवणं हे पहिलं काम. मॉर्फिनचं नाव काढलं की घरातले दचकतात. वेदनेसाठी डॉक्टरांनी मोजून दिलेलं मॉर्फिन माणसाला व्यसनी करण्यासाठी नसतं, त्याला शांतपणे झोपता यावं म्हणून असतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन त्याची उपलब्धता थोडी सोपी झाली. तोंड कोरडं पडतं, ओल्या कापसाने ओठ टिपत राहा. भूक जाते, तेव्हा बळजबरीने भरवू नका. व्हेंटिलेटर नको अशी पेशंटची इच्छा असेल तर तो शुद्धीत असतानाच ती लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली.

एक व्यवहाराची गोष्ट, जी सांगायला जीभ रेटत नाही पण सांगावीच लागते. घरी मृत्यू झाल्यावर डॉक्टरांनी कारणासह दाखला द्यावा लागतो, त्याला फॉर्म ४ए म्हणतात. पेशंटला कधीच न पाहिलेला डॉक्टर तो देत नाही. म्हणून जवळच्या फॅमिली डॉक्टरांना आधीपासून घरी यायला सांगा, कागद दाखवून ठेवा. नाहीतर ऐन दुःखात रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत फिरावं लागतं.

आमच्या वस्तीत बायका फॉर्म भरून घ्यायला येतात. हे सर्वेक्षण की संशोधन? हो म्हणायचं का?

त्यांनाच विचारा, तो तुमचा हक्क आहे. महापालिकेच्या आरोग्य सेविका घरोघरी नोंदी घेतात, ते नेहमीचं सरकारी काम. धारावीत सायन हॉस्पिटलचं, मालवणीत केईएमचं शहरी आरोग्य केंद्र आहे, तिथले विद्यार्थी आणि नर्सेसही वस्तीत येतात. संशोधन असेल तर आधी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, तुम्हाला समजेल त्या भाषेत, हवंच. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हे स्पष्ट सांगतात. त्या कागदावर एथिक्स कमिटीचा (सहभागी लोकांचे हक्क जपले जातात ना हे बघणाऱ्या समितीचा) संपर्क असतो. नव्या औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर तिची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद असते, ती कोणालाही बघता येते.

नाही म्हणालात तरी दवाखान्यातल्या तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. मधेच सोडलंत तरी नाही. आणि पथकातल्या बाईने तुमच्या टीबीबद्दल किंवा पाळीबद्दल गल्लीत उभं राहून विचारलं तर तिला थांबवा. आमच्या पथकाचा नियम होता: दार लोटून, सासू-नवरा जवळ नसताना, हळू आवाजात. दहा बाय दहाच्या खोलीत तेवढा एकांत मिळवणं हेच त्या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य होतं. कधी आम्ही बाईंबरोबर भाजी आणायला चालत जायचो आणि वाटेत विचारायचो.

अशा संशोधनातून आजवर काही हाती लागलं आहे का?

आपल्या महाराष्ट्रातच लागलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, सगळं. ३९ गावांत हे काम झालं, जिथे ते झालं नाही अशा ४७ गावांशी तुलना केली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांच्या मुळाशी हे काम आहे. गोवंडीतली बाळंतीण दारात आशा ताईंना बघते तेव्हा तिच्यापर्यंत गडचिरोलीच एवढी चालत आलेली असते.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. दहावीच्या आसपास शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या. गर्भाशयाच्या मुखाला साधं व्हिनेगरसारखं द्रावण लावून त्या बघायच्या. त्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हाताने स्तन तपासण्याचा निकाल २०२१ मध्ये आला: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, त्याहून तरुण बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही.

सगळे प्रयोग यशस्वी होत नाहीत, हेही सांगायला हवं. 'स्नेहा' संस्थेने मुंबईतल्या ४८ वस्त्यांमध्ये महिलांच्या गटांच्या बैठकांमुळे बाळंतपण सुधारतं का, हे तपासलं. २०१२ मध्ये निकाल छापला तेव्हा म्हणावा तसा फरक दिसला नव्हता. त्यांनी तो तसाच मांडला. मला त्याचा आदर वाटतो. खेड्यात चाललेली गोष्ट मुंबईच्या वस्तीत तशीच चालेल असं नाही, हे त्यामुळे कळलं.

तुलनेच्या गटातल्या, म्हणजे ज्यांना नवा उपचार दिला जात नाही त्या लोकांना काही मिळतच नाही का?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि टाटा मेमोरियलच्या वरच्या अभ्यासाबद्दलही तो जोरात विचारला गेला, कारण तुलनेच्या गटातल्या बायकांना आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी नाही. माझं मत असं की सही करण्याआधी तुम्ही हे विचारावंच: "मी कोणत्या गटात? मला काय मिळेल, काय मिळणार नाही? अभ्यास संपल्यावर निकाल कोण सांगायला येईल?" या तिसऱ्या प्रश्नावर पथकाची पंचाईत झाली तर खुशाल नाही म्हणा.

घरी येणारी नर्स संशोधन करू शकते का?

नर्सिंगची सुरुवातच तशी झाली. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडून दाखवलं की लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त माणसं मेली. त्यासाठी आधी कोणीतरी प्रत्येक मृत्यू लिहून ठेवावा लागतो. मी वर मोरीपाशी पडण्याचं लिहिलं तेही वहीतूनच सापडलं. ते काही संशोधन नव्हे, मी फक्त माझ्या वह्या वाचल्या. पण खरं संशोधन तिथूनच सुरू होतं. वहीतली माहिती घराबाहेर न्यायची असेल तर मात्र घरच्यांची लेखी परवानगी हवी, नावं काढून टाकायला हवीत, आणि अभ्यास करायचा तर एथिक्स कमिटीकडे जायला हवं.

मग त्या वहीत आम्ही काय लिहायचं?

शंभर पानी साधी वही, खाटेच्या कठड्याला दोरीने बांधलेली, पेनही त्याच दोरीला. मावशी, नर्स, मुलगा, सून, जो कोणी काही करेल त्याने वेळ घालून लिहायचं. इंग्रजी नको, सुवाच्य अक्षराची सक्ती नको. वडाळ्याच्या एका घरातलं, मावशींच्या हातचं पान तुम्हाला नमुना म्हणून देते. त्या सातवी शिकलेल्या होत्या.

"सकाळी ६. पिशवी रिकामी केली, ४०० मिली, पिवळी.
६.३०. उजवी कूस. माकडहाड लाल नाही. डावी टाच थोडी लाल, दाबून बघितली, पांढरी झाली. खाली उशी दिली.
७. फीड २०० मिली, बसवून दिलं. खोकला नाही.
८.३०. डावी कूस. टाच बघितली, बरी आहे.
९. ताप ९९.२. सिस्टरना फोन केला, दुपारी परत बघा म्हणाल्या.
९.४०. आजी हसल्या. नातू आला होता."